पिंपात आधी काय होतं

दादाने टेम्पोतून पिंप उतरवलं, गडगडत परसात आणलं आणि उभं केलं. छोटीने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. आधी तिने झाकण काढलं आणि खांद्यापर्यंत आत वाकून वास घेतला.

"कशाचं आहे?" तिने आतूनच विचारलं. आवाज घुमला.

"मधाचं," दादा म्हणाला.

ती बाहेर आली. "कशाचं?"

"मध गं, मध. मधमाश्यांचा."

"दोनशे लिटर मध?"

"मग काय, माश्या बाटल्या भरून देतात?"

छोटीचा नवरा हसला. छोटी हसली नाही. ती पंचेचाळीस वर्षांची होती, पण भावंडांत धाकटी म्हणून अजून सगळ्यांची छोटीच होती. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची एकोणीस वर्षं गेली होती. तिथे रोज बाटल्या यायच्या आणि बाटलीवरच्या चिठ्ठीत जे लिहिलंय ते खरं मानायचं नाही, एवढ्यासाठीच तिला पगार मिळायचा. ही सवय घरीही तिच्यासोबत यायची. दूधवाला, भाजीवाला, प्लंबर कोणीच तिच्या तावडीतून सुटायचं नाही. आणि दादा तर मुळीच नाही, कारण त्याला ती लहानपणापासून ओळखत होती.

"कोणी दिलं?"

"एका मित्राने."

"कुठल्या?"

"तू नाही ओळखत."

तिच्या मनात पाल चुकचुकली. दादाचा 'तू नाही ओळखत' असा मित्र आजवर कधी खरोखर असल्याचं निघालं नव्हतं. पिंपाच्या पोटावर एक मोठा चौकोन खरवडलेला होता, तिथे कधीतरी लेबल असणार. शिवाय आज शनिवार. फर्निचरच्या शोरूममध्ये शनिवारी पाय ठेवायला जागा नसते, असं दादाच दर वेळी सांगायचा. तो तिथे सहायक मॅनेजर होता.

"आज सुट्टी?"

"घेतली. जावईबापूंच्या छंदासाठी एवढंही करू नये?"

हे म्हणताना त्याने हात पॅन्टच्या खिशात घातले. शर्ट नेहमीसारखा कडक इस्त्रीचा होता, खिशाला पेन होतं. पण हात आत जाण्याआधी तिला दिसले होते. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, भेगा पडलेली. सोफे विकणाऱ्या माणसाची बोटं अशी कशाने होतील?

हा सगळा छंद सुरू झाला तीन आठवड्यांपूर्वी. छोटीचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचा. त्याच्या मालकांनी एका रविवारी त्याला जेवायला बोलावलं. त्यांनी परसात बंद भट्टीत, मंद धुरावर, दिवसभर ठेवून मांस शिजवलं होतं. नवरा घरी आला तो भारावल्यासारखा. बायकोला म्हणाला, "सुरी लागली नाही गं. काट्याने नुसतं सुटत होतं." या माणसाने वीस वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्यामुळे छोटीलाही त्याचा उत्साह मोडवेना.

दोघं असल्या भट्ट्यांच्या दुकानात गेले. तिथल्या पोराने त्यांना काळं चकचकीत कपाट दाखवलं. आतलं तापमान फोनवर दिसतं, लाकडाचा भुसा आपोआप पडतो, तुम्ही फक्त झोपा, असं तो म्हणाला. छोटीने विचारलं, "वीज गेली तर?" तो म्हणाला, "मॅडम, तसं होत नाही." ती नवऱ्याला दंडाला धरून बाहेर घेऊन आली.

मालकांनी मग समजावलं, "अरे, सुरुवातीला काही लागत नाही. विस्तव मंद ठेवता येईल असं झाकणाचं एक भांडं, हवा कमीजास्त करायला खाली भोकं, वर जाळी. आणि एक चांगला थर्मामीटर. त्यात मात्र कंजूषपणा करू नकोस. बाकी सगळा धीर लागतो." भांड्यासाठी लोखंडी पिंपही चालतं, हे त्यांनीच सांगितलं. ते नवऱ्याने फोनवर दादाच्या कानावर घातलं आणि आज पिंप दारात.

दादा गेल्यावर छोटी कापसाचा बोळा आणि एक छोटी बाटली घेऊन आली. पिंपाच्या काठाशी जिथे पत्रा दुमडतो, तिथल्या फटीत तपकिरी काहीतरी चिकटलं होतं. तिने बोळा फिरवला, बाटलीत टाकला, चिठ्ठी लावली.

"अगं, तुझा सख्खा भाऊ आहे तो," नवरा म्हणाला.

"म्हणूनच."

"त्याने सांगितलं ना मधाचं."

"तू चष्म्याचा नंबर गिऱ्हाइकाने सांगितला म्हणून काच बसवतोस का?"

 नवऱ्याला दोन काचांतला केसाएवढा फरक कळायचा, पण माणसांच्या बाबतीत तो डोळे मिटून चालायचा. घरात दोघांपैकी एकाने तरी डोळे उघडे ठेवायला हवेत, असं छोटीचं म्हणणं होतं.

प्रयोगशाळेत मोठ्या मशीनवर बसणारे एक सर होते. त्यांच्याकडे तिने बाटली दिली. "घरचं काम आहे, सवडीने करा. पण आत किडे मारायचं औषध, रंगाचं पातळ, असलं काही असेल तर तेवढं बघाच."

तोवर नवऱ्याने बाकीची जमवाजमव केली. त्याने जुन्या फ्रिजमधली तारेची फळी काढून आणली. आयती जाळी मिळाली म्हणून तो खूश होता.

"ही नाही," छोटी म्हणाली.

"का? मापात बसते."

"तिच्यावर कसला मुलामा आहे ते माहितीये तुला? तापला की सुटतो. ते धुराबरोबर मांसात जाणार आणि मांस आपल्या पोटात."

तिने बिजागऱ्या, खिळे, तारा सगळं तपासून चकाकणारं, जस्ताच्या मुलाम्याचं वाटलं ते बाजूला काढलं. शेवटी नवऱ्याने साध्या पोलादाची जाळी विकत आणली. कोळशासाठी जाड जाळीची टोपली स्वतः वाकवून केली. वेल्डिंगवाले वापरतात तसे लांब चामडी हातमोजे, एक लांब चिमटा. थर्मामीटर तिने दोन आणायला लावले. "एक खोटं बोलला तर दुसऱ्यावरून कळेल." लाकूड मालकांनी दिलं, सफरचंदाच्या झाडाच्या छाटलेल्या फांद्या, वर्षभर वाळवलेल्या. त्याही तिने एकेक करून पाहिल्या. रंग लावलेलं, चिकट डिंकाचं, बुरशी आलेलं काही नको.

कुंपणापलीकडे दंतवैद्य राहायचे. निवृत्त झाले होते, पण समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायची सवय गेली नव्हती. नवरा पिंपाच्या तळाशी ड्रिलने भोकं पाडत होता तेव्हा त्यांनी कुंपणावरून मान वर काढली.

"काय चाललंय?"

"भट्टी करतोय."

"कसली भट्टी?" त्यांनी आवाज खाली आणला. "गाळायची?"

"नाही हो! मांस शिजवायची."

"अस्सं," दंतवैद्य म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही हे त्यांच्या भुवयांवरून दिसत होतं. पुढचे दोन दिवस ते सकाळी-संध्याकाळी कुंपणाशी फेऱ्या मारत राहिले.

मंगळवारी सरांनी छोटीच्या टेबलावर कागद ठेवला. "मध आहे," ते म्हणाले. "थोडं मेण. बाकी काही नाही. अगदी स्वच्छ. कुठून आणलंत पिंप?"

छोटीने कागद दोनदा वाचला. तिला बरं वाटायला हवं होतं. पण बरं वाटेना. दादा खरं बोलला होता. मग लेबल का खरवडलं? मित्राचं नाव का नाही सांगितलं? हात खिशात का घातले? तो खोटं बोलला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. तो खरं बोलला होता, म्हणजे कुठेतरी दुसरीकडेच पाणी मुरत होतं.

घरी येऊन तिने झाकण पुन्हा काढलं. झाकणाच्या कडेला रबराचं कडं होतं. ते तिने नखाने उचकटलं. आत एक ओली चिठ्ठी घडी होऊन चिकटली होती. तिच्यावर निळा शिक्का होता. 'धुतले, तपासले', आणि खाली पिंपांच्या एका वखारीचा पत्ता. शिक्क्यावर कोणीतरी पेनाने सही केली होती. शाई पसरली होती, तरी त्या सहीची शेवटची लांब शेपटी छोटीने शाळेच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती. बाबांची सही म्हणून दादा तशीच करायचा.

बुधवारी तिने अर्धी रजा टाकली. नवऱ्याला सांगितलं नाही. दोन बस बदलून ती शहराबाहेरच्या कारखान्यांच्या भागात उतरली. वखार शोधावी लागली नाही. पिंपांच्या भिंतीच उभ्या होत्या, निळी, काळी, गंजलेली, एकावर एक चार-चार. मागच्या पत्र्याच्या शेडमधून वाफ निघत होती आणि कॉस्टिक सोड्याचा तिखट वास नाकात जात होता. फाटकाशी खुर्ची टाकून रखवालदार बसला होता.

"पिंप हवंय? खाण्याच्या वस्तूचं की केमिकलचं?"

"वेगळी वेगळी धुता?"

"आता वेगळी. आधी सगळं एकच होतं. तीन महिन्यांपूर्वी एक नवीन माणूस आला. त्याने ओरडून ओरडून वेगळ्या रांगा करायला लावल्या." रखवालदार हसला. "प्रत्येक पिंपात आधी डोकं घालून वास घेतो. पोरं नकला करतात त्याच्या. तो बघा."

शेडच्या तोंडाशी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि पिवळा रबरी एप्रन घातलेला एक माणूस वाकला होता. त्याचं डोकं आणि खांदे पिंपाच्या आत होते. तो बाहेर आला, त्याने पिंप आडवं केलं, नळी आत घातली आणि वाफेचा फवारा सोडला. मागे भिंतीवर खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत एक इस्त्रीचा शर्ट टांगला होता. खिशाला पेन होतं.

छोटी फाटकाची सळई धरून उभी राहिली. हाक मारायला तिने तोंड उघडलंसुद्धा. पण तिला मागचा महिना आठवला. दादा तिच्या सोफ्यावर रेलून शोरूममधल्या गर्दीच्या गोष्टी सांगत होता, एका गिऱ्हाइकाची नक्कल करत होता आणि सगळे पोट धरून हसले होते. ती स्वतःही हसली होती. ते सगळं तो घरून जुळवून आणायचा? आणि वहिनी? वहिनीला तरी ठाऊक आहे का? की रोज सकाळी ती शर्टाला इस्त्री करते आणि हा तो पिशवीत घालून टांगतो?

"घेणार का पिंप?" रखवालदाराने विचारलं.

"नंतर येते," असं म्हणून ती वळली.

शनिवारी दादा पुन्हा आला. पिंप जाळायचं होतं. गंज लागू नये म्हणून असल्या पिंपांना आतून रंगासारखा एक थर दिलेला असतो आणि तो राहिला तर पहिल्याच दिवशी सगळं मांस कडू, शिवाय विषारी. नवऱ्याने आत लाकडाचा ढीग रचला. दादाने तो अर्धा बाहेर काढला.

"असा नाही. मध्ये पोकळी ठेवा. ज्वाळा काठापर्यंत आली पाहिजे. आतला पत्रा राखाडी दिसेपर्यंत जाळायचं, मग तारेच्या ब्रशने घासायचं, आणि शेवटी तेलाचा हात."

"तुला बरीच माहिती," छोटी म्हणाली.

"मोबाइलवर पाहिलं."

"हो? मोबाइलवर?"

"हो. मोबाइलवर," दादा म्हणाला आणि काडी ओढली. काळा धूर उठला. दंतवैद्यांनी खिडकी आपटून बंद केली.

रविवारी सकाळी सहाला नवरा उठला. खाटकाकडून आदल्या दिवशीच डुकराच्या खांद्याचा चार किलोंचा तुकडा आणला होता. रात्री मीठ-मिरपूड चोळून ठेवला होता. टोपलीत कोळसे, कोळशांत सफरचंदाच्या लाकडाचे चार तुकडे, वरून थोडे पेटते निखारे. पहिला तासभर पांढरा दाट धूर कोंडून निघत होता. नवऱ्याने त्यातच मांस ठेवलं, त्याला धीर निघाला नाही. मग त्याने खालचं एक भोक पूर्ण उघडलं, दुसरं अर्धं, आणि हळूहळू धूर पातळ, निळसर झाला. झाकणाखालच्या थर्मामीटरचा काटा एकशेदहा अंशांच्या आसपास स्थिरावला.

दादा आणि वहिनी अकराच्या सुमाराला आले. वहिनीने पाव आणि उकडलेले बटाटे आणले होते. ती एका शिवणाच्या वर्गात शिकवायची, बोलणं कमी. चौघांनी परसात खुर्च्या टाकल्या आणि पिंपाकडे बघत बसले. बघण्यासारखं काही नव्हतं. तरी नवरा दर दहा मिनिटांनी उठायचा.

"झाकण उघडू नका, जावईबापू," दादा म्हणायचा. "उघडलंत की अर्धा तास वाढला."

दोन वाजता मांसातल्या थर्मामीटरने अडुसष्ट दाखवलं. अडीचला अडुसष्ट. साडेतीनलाही अडुसष्ट.

"बिघडलाय," छोटी म्हणाली.

दुसरा खुपसला. त्यानेही अडुसष्टच दाखवलं.

"असं होतं म्हणतात मालक," नवरा म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. "मांसातलं पाणी बाहेर येतं, घाम आल्यासारखं. ते सुकेपर्यंत काटा अडकतो. थांबायचं."

थांबणं छोटीच्या स्वभावात बसत नव्हतं. बुधवारपासून तिच्या ओठांशी आलेला प्रश्न तिथेच अडला होता. ती दादाकडे वळली.

"शोरूमचं काय म्हणतोस?"

"मस्त. नवा माल आलाय."

"काय आलंय?"

"सोफे."

"कुठल्या रंगाचे?"

दादाने तिच्याकडे पाहिलं. "निळे."

"किती?"

"बारा."

"तीन माणसांचे की दोन?"

"आठ तीन माणसांचे, चार दोन माणसांचे."

"आणि तुझ्या हातांना काय झालंय?"

"पॉलिशची अ‍ॅलर्जी."

"सोफ्यांना पॉलिश?"

"पायांना," दादा शांतपणे म्हणाला. "लाकडी पाय असतात."

वहिनी उठली. "छोटी, जरा आत ये. मला सुरी सापडत नाहीये."

सुरी ओट्यावर समोरच होती. वहिनीने स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"तुला कळलंय," ती म्हणाली. "तुझ्या तोंडावर लिहिलंय. मग त्याला असं कशाला घुमवतेस?"

छोटी एकदम बसलीच. "म्हणजे तुला माहितीये?"

"पहिल्या दिवसापासून. शोरूम बंद पडलं त्या संध्याकाळी त्याने घरात आल्या आल्या सांगितलं. महिनाभर फिरला. मग ही वखार मिळाली. माझ्या आईला माहितीये, माझ्या वर्गातल्या बायकांना माहितीये, खालच्या वाण्याला माहितीये."

"मग मलाच का नाही?"

वहिनीने बटाट्यांचं भांडं पुढे ओढलं. "त्याला मॅनेजरपद मिळालं होतं ना, तेव्हा तू शोरूमला फोन केला होतास. गिऱ्हाईक बनून. इथे या नावाचे सहायक मॅनेजर आहेत का म्हणून."

छोटीची कानशिलं तापली. "ते… त्याला कळलं?"

"त्याच दिवशी. फोन उचलणाऱ्या मुलीने तुझा आवाज ओळखला. आदल्याच महिन्यात कपाटाच्या बिजागरीसाठी तू तिला चार फोन केले होतेस. मग काय, वर्षभर पोरं त्याला विचारायची, साहेब, तुम्ही नक्की मॅनेजर आहात ना? बहिणीला खात्री नाहीये."

"पण तो किती वेळा फुगवून सांगायचा, वहिनी! आठव ना."

"सांगायचा. आजही सांगतो. पण ते खरं होतं." वहिनीने सुरी उचलली. "आता सांगितलं असतं तर तू वखारीत जाऊन बघून आली असतीस."

छोटीने मान खाली घातली. वहिनीला बाकीचं कळलं. तिने कपाळाला हात लावला. "गेलीच होतीस?"

बाहेर आल्या तेव्हा काटा एकाहत्तरवर होता आणि नवरा त्या तीन अंशांनी हरखून गेला होता. त्याने मांस जाड कागदात गुंडाळून पुन्हा आत ठेवलं. छोटी दादाशेजारच्या खुर्चीत बसली.  तिला फक्त प्रश्न विचारता येत होते. आणि ते आता तिला विचारायचे नव्हते.

साडेपाचला वास कुंपणापार गेला असावा, कारण दंतवैद्य फाटकातून आत आले. हातात थाळी नव्हती, पण चेहऱ्यावर रिकामी थाळी घेऊन आल्याचा संकोच होता.

"झालं का?" त्यांनी पिंपाभोवती एक फेरी मारली, वाकून बघितलं, बोटाने पत्रा ठोकला. "हे पिंप कुठलं? असल्या पिंपांत काय काय असतं तुम्हाला कल्पना आहे का? अॅसिड, रंग, शेतीची औषधं. आत काय होतं याची तुम्हाला खात्री आहे?"

 दादाने खुर्चीत जागा बदलली. "एका मित्रा…"

"मला खात्री आहे," छोटी म्हणाली.

"कशावरून?"

तिच्या पर्समध्ये प्रयोगशाळेचा कागद होता. तो काढला असता तर दंतवैद्य गप्प झाले असते. तिने तो काढला नाही.

"दादाने आणलंय म्हणून," ती म्हणाली.

नवऱ्याच्या हातून चिमटा पडला. खोटं नाही, खरोखरच पडला. दादा तिच्याकडे बघत राहिला. तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती दंतवैद्यांकडेच बघत होती. मग दादाने हात मांडीवर ठेवले, तळवे वर.

"मी धुतलंय ते," तो दंतवैद्यांना म्हणाला. "तेच काम करतो मी. पिंपांच्या वखारीत. मधाचं होतं. आधी गरम पाणी, मग सोडा, मग पुन्हा दोनदा वाफ. लेबलवर कंपनीचं नाव असतं, ते खरवडावं लागतं, नियम आहे तसा."

"वखारीत?" नवरा म्हणाला. "आणि शोरूम?"

"बंद पडलं. चार महिने झाले."

नवऱ्याने बायकोकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, त्यावरून तो काय समजायचं ते समजला आणि चिमटा उचलून धुवायला गेला.

दंतवैद्यांना शोरूमशी काही देणंघेणं नव्हतं. "सोडा किती टक्क्यांचा? वाफ किती वेळ? आणि आधी आत केमिकल होतं की मध हे तुम्हाला कसं कळतं?" त्यांचे प्रश्न संपेनात. दादा एकेकाचं उत्तर देत राहिला. फुगवून काहीच सांगितलं नाही, तशी गरजही नव्हती. झाकणाच्या कड्यावरून, शिवणीतल्या डागांवरून, बुडाच्या ठशावरून पिंप कसं ओळखायचं ते त्याने त्यांना पिंपाशी उभं करून दाखवलं. छोटी खुर्चीतून ऐकत होती. यातलं निम्मं तिलाही माहीत नव्हतं. शेवटी दंतवैद्य म्हणाले, "मलाही एक बघा. पण मी स्वतः येऊन निवडणार."

"या की," दादा म्हणाला.

साडेसहाला काटा त्र्याण्णववर गेला. अजून चांगला उजेड होता. नवऱ्याने चामडी हातमोजे घालून मांस पाटावर घेतलं, अर्धा तास झाकून ठेवलं आणि मग हाड धरून ओढलं. हाड अलगद, कोरडं बाहेर आलं. तो तसाच हाड हातात धरून उभा राहिला. वरची कड थोडी कडवट झाली होती, सकाळच्या पांढऱ्या धुराची. दंतवैद्यांनी ते बोलून दाखवलं आणि तीनदा वाढून घेतलं. आतलं मांस मऊ होतं, ओलसर, काट्याने सुटत होतं. पाव संपला, बटाटे संपले.

निघताना वहिनी पुढे जाऊन रिक्षा बघत होती. दादा फाटकाशी थांबला.

"बुधवारी तू होतीस ना?" तो म्हणाला. "फाटकाची सळई धरून."

छोटीने त्याच्याकडे पाहिलं. "तू बघितलंस मला?"

"बघितलं."

"मग आज ते बारा सोफे कशाला सांगत बसलास?"

"तू विचारत होतीस. म्हटलं बघू, किती वेळ विचारते."

तिला हसू आलं आणि ते तिने दाबलं. "हाक का नाही मारलीस?"

"वाफ चालू होती. ओरडलो असतो तरी ऐकू गेलं नसतं. तू का नाही मारलीस?"

"माझी बस सुटत होती," छोटी म्हणाली.

रिक्षा आली. दादा वाकून आत बसला, वहिनीने पदर आत ओढून घेतला. छोटी फाटकाशीच उभी राहिली. त्या दिवशी बसला अजून चाळीस मिनिटं होती, आणि ती सगळी तिने थांब्यावर एकटीने काढली होती. वखारीतली वाफेची नळी तर रखवालदाराने 'घेणार का पिंप?' विचारायच्या आधीच बंद झाली होती, हे तिला नीट आठवत होतं. परसातून नवऱ्याने हाक मारली, जाळी गरम आहे तोवर घासायला हवी होती. ती आत गेली.